उजव्या हातानं डावा कान

आमच्या भागात तेव्हा मुलांचं वय कुणालाच नेमकं माहीत नसायचं. जन्माचा दाखला मी तरी कधी बघितला नव्हता. शाळेत नाव घालायला गेलं की आया सांगायच्या, मोठी साथ आली त्या सालचा आहे, नाहीतर आपला मुलूख मुंबई राज्याला जोडला तेव्हा रांगत होती. गुरुजी सगळं ऐकून घ्यायचे, त्यातलं काहीच लिहायचे नाहीत आणि पोराला समोर उभं करायचे. उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. बोटं कानाला पोचली की पोर सहा वर्षांचं. नाही पोचली तर पुढच्या साली या.

माझ्या मुलीला ही परीक्षा मी चार महिने शिकवली. त्यातून पुढं काय झालं ते लिहायला मला इतकी वर्षं लागली, कारण त्यात चूक माझी आहे आणि चूक कबूल करायची म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. आमच्या घरात कुणालाही विचारा.

आमचे हे येडशी स्टेशनात पॉइंटमन होते. गाडी ज्या रुळावर घ्यायची तो रूळ जोडून द्यायचा, झेंडी दाखवायची, मालाचे डबे इंजिनाला जोडायचे, सोडायचे, असं काम. आमची गाडी लहान रुळांची. बाहेरगावचे लोक तिला हसायचे, चालत्या गाडीतून उतरून बोरं वेचून पुन्हा चढता येतं म्हणायचे. मला कधी हसू आलं नाही. दारापासून वीस पावलांवर रूळ असला की गाडी लहान आहे का मोठी हे आईला सुचत नाही. आमची क्वार्टर रुळाच्या अलीकडं होती आणि गाव, बाजार, शाळा सगळं पलीकडं. आणि माझी मुलगी ठार बहिरी होती.

हे आम्हाला कळलं ते शेजारच्या चाचीमुळं. चाची म्हणजे दुसऱ्या पॉइंटमनची बायको. दोन्ही घरांना मिळून एकच अंगण होतं. मुलगी अडीच वर्षांची असेल. वर्षापूर्वी तिला गोवर येऊन गेला होता, अंगावरचे डाग गेले तसे आम्ही देवीला नारळ फोडून मोकळे झालो होतो. एके दिवशी माझ्या हातून तांब्याची घागर फरशीवर पडली. कोंबड्या फडफडत पळाल्या. चाचीच्या मांडीवरचं तान्हं दचकून किंचाळायला लागलं. माझी मुलगी पाठमोरी बसून मातीत बोट फिरवत होती, ती फिरवतच राहिली.

चाचीनं माझ्याकडं बघितलं. "बहन, हिला ऐकू येत न्हाय गं," ती म्हणाली.

मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही. महिन्यानं मीच तिच्या दारात जाऊन बसले आणि पोटभर रडले. असा आपला स्वभाव.

बार्शीच्या डॉक्टरांनी कानात बॅटरी मारून बघितलं, पाठीमागं टाळ्या वाजवल्या, वाटी बडवली. म्हणाले, कानाच्या आतली शीर गेली आहे, इलाज नाही. पण पुण्याला मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा आहे, सात वर्षांची झाली की तिथं घाला, बोलायलासुद्धा शिकवतात. ह्यांनी चिठ्ठीवर पत्ता लिहून घेतला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आन् ती ऱ्हानार कुठं?"

"तिथंच. ठेवून घेत्यात म्हणं. दिवाळीला आन् उन्हाळ्यात घरी धाडत्यात."

मी ह्यांच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली आणि घरी आल्यावर ट्रंकेच्या तळाशी घातली. वर घोंगडी ठेवली. पोर उपाशी असली की माझ्या पदराचं टोक तोंडात घालायची. पोट दुखत असलं की माझा हात ओढून पोटावर ठेवायची. ताप असला की चुलीजवळ जाऊन बसायची. हे सगळं मला कळायचं, कारण मी आई होते आणि माझं दुसरं काम नव्हतं. पुण्यात तिनं कुणाचा पदर चावायचा?

दुसरी शाळा माझ्या माहेरची, ईट गावची. भूमला एसटी बदलून ईटला उतरलं की भावाचं घर, आणि घराच्या भिंतीला लागून मारुतीचं देऊळ. देवळाच्या ओसरीतच पहिली-दुसरीचे वर्ग भरायचे. रूळ नाही, इंजिन नाही. भाऊ म्हणाला, "ठेव की ताई हितं. आमची चार हायत, त्यात ही पाचवी." वहिनीही मनापासून हो म्हणाली. जवळजवळ ठरलंच होतं.

पण त्या गावात एक मुका होता. सगळ्यांची गुरं राखायचा. त्याला नाव असेल, पण ते कुणाला ठाऊक नव्हतं. मुका म्हटलं की झालं. त्याला हाक मारून उपयोग नाही म्हणून ज्याला काम असेल तो ढेकूळ उचलायचा आणि त्याच्या पाठीत मारायचा. रागानं नव्हे. हाक मारायची ती रीतच होती. ढेकूळ बसलं की तो मागं वळायचा आणि हसायचा. लहानपणी मीही कितीतरी मारली आहेत. नेम चांगला होता माझा.

नाव घालायच्या आदल्या दिवशी मी भावाच्या घराच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. अंगणात माझी मुलगी बाभळीच्या शेंगा गोळा करत होती. माझ्या धाकट्या भाचीला तिला खेळायला बोलवायचं होतं. तिनं दोनदा हाक मारली, मग खाली वाकली, एक बारकं ढेकूळ उचललं आणि नीट नेम धरून माझ्या मुलीच्या पाठीत मारलं. मुलगी वळली आणि हसली.

तसंच हसली. मी उठून भाचीच्या थोबाडीत दिली. ती बिचारी रडायलाच विसरली, आपलं काय चुकलं हेच तिला कळेना. वहिनी रुसली आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं मी मुलीला घेऊन परत निघाले. गाडीत बसल्यावर मला दिसायला लागलं: माझी मुलगी मोठी झाली आहे, माझ्यामागं ती कुणाच्यातरी गुरांच्या पाठी चालते आहे, आणि तिचं नाव कुणाला ठाऊक नाही. भूम येईपर्यंत मी तिचा हात इतका घट्ट धरला होता की तिनं तो ओढून घेतला.

म्हणजे उरली येडशीची शाळा. आणि तिथं ती बहिरी आहे हे कुणाला कळूच द्यायचं नाही असं मी ठरवलं. एकदा मुकी म्हणून नाव पडलं की ढेकूळ आलंच. आम्ही स्टेशनची माणसं, बदलीवर आलेली, गावात फारसं येणंजाणं नव्हतं. चाचीला मी शपथ घातली.

हे म्हणाले, "कळंल की गं कव्हातरी."

"कळंल तव्हा बघू. तवर चार अक्षरं तर शिकंल."

शाळेत पोरींना बोलावं लागतंच असं नाही, हे मला माहीत होतं. एका खोलीत चार वर्ग, गुरुजी एक, सत्तर-ऐंशी पोरं. मागच्या रांगेतली लाजरी पोर वर्षभर गप्प बसली तरी कुणी विचारत नसे. भीती होती ती पहिल्याच दिवसाची. हात कानाला सहज पोचत होता, पण गुरुजी "कानाला हात लाव" म्हणाले हे तिला कळायचं कसं? मी दोन दिवस शाळेच्या खिडकीशी उभी राहून वर्षाच्या मध्येच आलेली नवी पोरं घेताना बघितलं. गुरुजी प्रत्येक पोराकडं आधी बोट करायचे आणि मग बोलायचे. ते बोट मला पुरेसं होतं.

मी तिला अंगणात उभं करायची आणि बोट करायची. बोट दिसलं की ताठ उभं राहायचं, उजवा हात डोक्यावरून न्यायचा, डावा कान धरायचा आणि मी मान हलवेपर्यंत सोडायचा नाही. मध्येच सोडला की पुन्हा. जागचं हललं की पुन्हा. बरोबर केलं की हातावर गुळाचा खडा. सुरुवातीला ती माझ्या बोटाकडं बघून स्वतःचंच बोट करायची. मग कळलं तिला. पोर हुशार होती, ते मी आई म्हणून सांगत नाही.

गुरुजी पुरुष आहेत, तेव्हा पुरुषाचं बोटही कळायला हवं म्हणून मी ह्यांना मागं लावलं. ह्यांना त्याची गोडीच लागली. ड्यूटीवरून येताना रुळाच्या पलीकडूनच हात लांब करून बोट करायचे आणि इकडं अंगणात ही शिपायासारखी ताठ. मग हे हसत हसत खिशातून गूळ काढायचे.

चाची एकदा बाजरी पाखडता पाखडता म्हणाली, "बहन, लेकराच्या हाताला झूट शिकवू लालीस तू." मी म्हणाले, तुमच्या पोरांना ऐकू येतं, तुम्हाला काय जातंय बोलायला.

पहिला दिवस मात्र मी विसरणार नाही. जूनचा महिना, शाळेच्या पायरीवर मुलांची ही गर्दी. गुरुजी चाळिशीतले, सडपातळ, टोपी घातलेले. त्यांचं स्वतःचं सगळं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं होतं. मराठी ते मोठेपणी, नोकरी टिकावी म्हणून शिकले होते. वाचताना अडखळायचे आणि पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर कळलं.

"नाव काय तुझं?" त्यांनी विचारलं.

"लई लाजरी हाय, गुरुजी," मी मध्येच घुसले आणि नाव सांगून टाकलं. "घरात लई बोलती, भाईर तोंड उघडत न्हाय."

गुरुजींनी बोट केलं. माझ्या मुलीनं हात डोक्यावरून नेला, कान धरला आणि हसून त्यांच्याकडं बघितलं. गुरुजी म्हणाले, "वा, समजदार हाय की." घरी आल्यावर मी तिला गुळाचे दोन खडे दिले आणि चाचीकडंही वाटीभर गूळ पाठवला, थोडा दिमाख म्हणून.

मग रोजचं सुरू झालं. सकाळी तिचं मनगट धरून रूळ ओलांडायचे आणि शाळा सुटताना आणायला जायचं. रुळापाशी आले की मी तिला थांबवायची, डावीकडं बघ, उजवीकडं बघ असं तिची हनुवटी धरून दाखवायची. पण बघायचं म्हणजे काय बघायचं? इंजिन दिसलं की मी डोळे मोठे करायची, छातीवर हात मारून घ्यायची. ती माझे डोळे बघून हसायची. तिला वाटायचं हाही एक खेळ आहे आणि आई यात कच्ची आहे.

पाटीवर अक्षर मात्र असं काढायची की बघत राहावं. ती दुसऱ्यांच्या पाट्या बघायची, फळा बघायची आणि हुबेहूब उतरवायची. मी ती पाटी ह्यांना दाखवायची आणि म्हणायची, बघा, पुण्याला धाडायला निघाला होता.

पावसाळा संपता संपता तिच्या तळहातावर वळ दिसायला लागले. तिला विचारायची सोय नव्हती. गुरुजींना विचारावं तर बिंग फुटायचं. छड्या तर सगळीच पोरं खातात, असं मी स्वतःला समजावलं आणि वळांवर खोबरेल चोळलं. ते वळ पुन्हा दिसले, पुन्हा खोबरेल चोळलं. हे मी लिहिते आहे आणि माझ्याच हातांची मला चीड येते आहे.

माघ महिन्यात शाळा तपासायला साहेब येणार म्हणून गावभर चर्चा होती. मी तिला निळा परकर घातला, लाल रिबिनी बांधल्या आणि सकाळी पोचवून आले. शाळा सुटायला दोन-अडीच तास होते. मी अंगणात सूप घेऊन बसले होते. सहज मान वर केली तर रुळाच्या पलीकडून निळा परकर येताना दिसला.

एकटी. दप्तर खांद्यावर, पाटी छातीशी धरलेली. ती आमच्या समोरून येत नव्हती. लांब, एका रुळाचे दोन होतात त्या सांध्याच्या बाजूनं, मधल्या पायवाटेनं आली होती. आणि यार्डात इंजिन तीन मालडबे मागं ढकलत होतं. डबे पुढं, इंजिन त्यांच्या मागं. ड्रायव्हरला डब्यांच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं.

ती रुळांत आली आणि थांबली. मग रुळांखालच्या एका स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर उड्या मारत रुळांतूनच चालायला लागली. डबे तिच्या पाठीमागून येत होते.

मी ओरडले. कुणासाठी ओरडले कोण जाणे. सूप फेकून धावले. धावताना कुंपणाच्या तारेत पदर अडकला, तो फाडून पुढं गेले, तरी अंतर कमीच होईना. हे सांध्यापाशी उभे होते. त्यांनीही हाक मारली असणार, मला फक्त त्यांचं उघडलेलं तोंड दिसलं. मग ते वाकले, रुळातली खडी उचलली आणि फेकली. दगड तिच्या खांद्यावर बसला.

ती वळली. बाप दिसला तशी हसली, डब्यांकडं तिचं लक्षच नव्हतं. ह्यांनी हात लांब केला आणि बोटानं दाखवलं, बाजूला हो, तिकडं हो.

आणि माझी मुलगी दोन्ही पाय जुळवून रुळांच्या मधोमध ताठ उभी राहिली. उजवा हात डोक्यावरून नेला, डावा कान धरला आणि बापाकडं बघत राहिली. हललं की पुन्हा करावं लागतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

ह्यांनी लाल झेंडी हलवली, कुणीतरी शिट्टी मारली, ब्रेकचा तो जीवघेणा आवाज झाला. पहिला डबा किती अंतरावर थांबला यावर ह्यांचं आणि ड्रायव्हरचं पुढं कधी जमलं नाही. हे म्हणायचे दोन हात, ड्रायव्हर म्हणायचा पाच. मी बघितलं नाही. मी डोळे मिटून घेतले होते. आई असून डोळे मिटले, हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

उघडले तेव्हा ह्यांनी तिला बाजूला ओढलं होतं आणि छातीशी धरलं होतं. तिनं हळूच अंग सोडवून घेतलं आणि त्यांच्यापुढं तळहात उघडला. गूळ.

ह्यांनी खिसा चाचपला. मग ते तिथंच खडीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी तिचा खांदा उघडून बघितला. दगड लागला होता तिथं रक्त आलं होतं. ढेकूळ नको म्हणून मी ईट सोडून आले होते.

मला रडू आलं नाही, राग आला. राग यायला माणूस लागतं आणि माझ्यासमोर गुरुजी होते. मी तिला कडेवर घेतलं, एवढी मोठी पोर, आणि तशीच फाटक्या पदरानं शाळेत गेले. साहेब आत खुर्चीवर बसून चौथीचं गणित घेत होते. मला दारात बघून गुरुजी लगबगीनं बाहेर आले आणि मला पडवीच्या टोकाला घेऊन गेले.

"एकटी का सोडली लेकराला? कशापायी सोडली? डब्याखाली आली असती की आता!"

गुरुजींनी मागं वळून दाराकडं बघितलं. "बाई, हळू बोला. साहेब आत हायत." मग म्हणाले, "आजच्या दिवस म्हणून घरी लावून दिलं. साहेबांपुढं तिनं तसं केलं असतं, तर माझी नोकरी गेली असती."

"तसं म्हंजी कसं?"

गुरुजींनी आपला उजवा हात टोपीवरून नेला आणि डावा कान धरला. तिथं, पडवीत, चाळिशीचा माणूस.

"वाचायला उठ म्हणून बोट केलं की ही असं करती," ते म्हणाले. "आन् हसती. ऐकू आलं न्हाय, नीट बोला, असं दावती मला. मग सगळा वर्ग हसतो. माझं मराठी कच्चं हाय, कबूल हाय. पर एवढ्याशा पोरीनं रोज मस्करी करावी? अक्षर बघितलं तर सगळ्यांत सुरेख. येतंय सगळं, मुद्दाम करती, असं वाटलं मला. म्हणून मारलं. लई मारलं."

माझा राग कुठं गेला कळलं नाही. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

"ती बहिरी हाय, गुरुजी," मी म्हणाले. आठ महिने जे ओठांबाहेर येऊ दिलं नव्हतं ते इतक्या साध्या आवाजात निघालं. "तिला कायच ऐकू येत न्हाय. बोट केलं की कान धरायचा, हे मीच शिकीवलं. नाव घालताना तुमाला कळू नये म्हणून."

आतून पोरांचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता. "मग सांगितलं का न्हाय मला?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं. ढेकळाची भीती वाटली, असं मी कसं सांगणार होते? मी मुलीला कडेवरून खाली उतरवलं.

गुरुजी तिच्यासमोर उकिडवे बसले. तिच्या डोक्यावरून हात फिरवावा म्हणून त्यांनी हात पुढं केला. त्याबरोबर तिनं आपला तळहात उघडून पुढं धरला. ती गूळ मागत होती की छडी घेत होती, मला आजही सांगता येत नाही. गुरुजींनी टोपी काढली, तोंडावर धरली आणि ते आतल्या साहेबांकडं गेलेच नाहीत.

त्या संध्याकाळी ट्रंकेतली घोंगडी मी स्वतः बाजूला केली. पुण्याच्या शाळेला अर्ज लिहून दिला तो गुरुजींनीच. दोनदा लिहून फाडला, तिसऱ्यांदा लिहिला आणि ह्यांच्या हातात देऊन म्हणाले, "शुद्धलेखन तेवढं कुणाकडून तरी बघून घ्या." आम्ही कुणाला दाखवला नाही. तसाच धाडला.

माझी भीती मात्र कमी झाली नाही, तिनं फक्त जागा बदलली. आधी रुळाची होती, आता पुण्याची झाली. ह्यांना रेल्वेचा पास होता. जूनमध्ये लहान गाडीनं कुर्डुवाडीला गेलो, तिथून मोठ्या गाडीनं पुण्याला. शाळेत पन्नासेक मुलं होती आणि अंगणात एवढी मुलं खेळत असूनही हाका नव्हत्या. नुसता पायांचा आणि हसण्याचा आवाज. परत फिरावं असं वाटलं.

मोठ्या बाई पांढऱ्या लुगड्यातल्या, उंच. त्यांनी मुलीकडं बघून बोट केलं. काय विचारायचं होतं त्यांना, देव जाणे. मुलगी लगेच ताठ झाली. हात डोक्यावर गेला. मी तिचा हात धरून खाली घेतला. ह्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. मग मी बाईंना सगळं सांगितलं, रुळासकट, छडीसकट. मध्ये काही गाळलं नाही. त्यांनी मला एक शब्दही बोल लावला नाही आणि त्यामुळं मला जास्तच लाज वाटली.

त्यांनी मुलीचा तोच हात घेतला आणि आपल्या गळ्यावर ठेवला. मग त्या बोलल्या, नुसतं आ आ असं काहीतरी. मुलीनं झटकन हात काढला, हाताकडं बघितलं आणि पुन्हा स्वतःहून त्यांच्या गळ्यावर ठेवला.

"आता जा," बाई हळूच म्हणाल्या. "ती पाठमोरी आहे तोवर निघा."

आम्ही निघालो. पाऊल न वाजवता चाललो, आणि फाटकाबाहेर आल्यावर लक्षात आलं की हळू चालायची काही गरज नव्हती.

ते चार-पाच महिने कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. पंधरा दिवसांनी शाळेचं पोस्टकार्ड यायचं, तब्येत ठीक आहे म्हणून. ठीक म्हणजे किती ठीक, मी ह्यांना विचारायची. रस्त्यावर मोटारी असतील, पायऱ्या असतील, तिला कुणी ढकललं तर? पदर दिसला नाही तर ती भूक कशी सांगत असेल? ती मला विसरेल याची भीती होती आणि विसरणार नाही, रोज दाराकडं बघत बसेल, याची त्याहून जास्त. चाची येऊन नुसती शेजारी बसायची.

दिवाळीला हे जाऊन तिला घेऊन आले. उंच झाली होती, केस कापले होते, मला बघून आधी लाजली आणि मग पदराचं टोक तोंडात घातलं. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन बाजाराला निघाले. रुळापाशी आलो तर यार्डातून इंजिन येत होतं. मी घाबरले आणि भान राहिलं नाही. जे पुन्हा कधी करायचं नाही म्हणून मी शपथ घेतली होती तेच केलं. मी हात लांब करून इंजिनाकडं बोट केलं.

मी तिच्या उजव्या हाताकडं बघत राहिले.

तिनं माझ्या बोटाकडं बघितलं. मग बोट जिकडं होतं तिकडं बघितलं. इंजिन बघितलं. तिनं माझं मनगट धरलं आणि मला दोन पावलं मागं ओढलं.

मी रुळापासून तशी लांबच उभी होते. तरी मागं सरले.